पणजोबांची मोडी, माझी बालबोध, मुलीची रोमी

चवथीला आम्ही सगळे गावच्या घरी जमतो. घर सत्तरीत. नोकरीमुळे मी फोंड्यात राहतो, पण चवथ गावातच, हा नेम आजवर चुकलेला नाही. गेल्या चवथीला माटोळी बांधण्याआधी माळ्यावरची अडगळ काढत होतो, तेव्हा एक पत्र्याची पेटी हाती लागली. आत सगळी पत्रे. वरच्या थरात माझ्या वडिलांनी मला लिहिलेली आंतर्देशीय पत्रे, मी पणजीला कॉलेजात होतो तेव्हाची, म्हणजे १९९६ ते १९९९ ची. खाली कापडात बांधलेले जुने कागद. माझे आजोबा १९३० नंतरच्या काही वर्षांत बेळगावला शिकायला होते. त्यांना त्यांच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या पणजोबांनी, धाडलेली ती पत्रे.

माझी मुलगी कॉलेजात शिकते. वरचे एक पत्र उचलून ती वाचू लागली. वडिलांचे अक्षर तसे बरे होते, पण तिला ते जड जात होते. छापील मराठी ती घडाघडा वाचते, हाताचे अक्षर मात्र एकेक शब्द चाचपत. मला जरा राग आला. शाळेत इतकी वर्षे मराठी शिकलीस, आणि आजोबांचे पत्र वाचता येत नाही? असे काहीसे मी बोललोही असेन.

तिने खालचा एक कागद काढला.

“बाबा, हें खंयचे भाशेंत आसा?”

“मराठीच. मोडी आहे ती.”

“मागीर वाच.”

मी कागद हातात घेतला. ओळीच्या ओळी एकमेकांत गुंतलेल्या. कुठे एक ‘श्री’ ओळखता आला, कुठे तारखेचा आकडा. बाकी काही नाही. मी मराठी विषय घेऊन बी.ए. झालेला माणूस. माझ्या पणजोबांचे मराठी पत्र मला वाचता येईना.

“म्हाकाय वाचूंक येना,” मी म्हटले. ती काही बोलली नाही. मीही पुढे काही बोललो नाही.

वाचकहो, आमच्या कार्यालयात दुपारच्या डब्याला एक विषय हटकून निघतो. मोबाईलमुळे मुलांची भाषा बिघडली, मुले लिहीत नाहीत, बोलत नाहीत, नुसती बोटे चालवतात. मीही त्यात आजवर हिरिरीने भाग घेत आलो. पण त्या दिवशी माळ्याखाली उभा असताना वाटले, मी मोडी विसरलो तेव्हा तर मोबाईल नव्हता. मग माझ्यात आणि पणजोबांत ही भिंत कोणी घातली? हा प्रश्न डोक्यातून जाईना. थोडे वाचन केले, काही जुनी टिपणे काढली. त्यातून जे हाती आले ते आपल्यापुढे ठेवतो.

सुरुवात आपल्या दारातूनच होते. फोंड्याहून पणजीला जाताना जुने गोवे लागते. तिथे सेंट पॉल कॉलेजच्या इमारतीचा दर्शनी भाग तेवढा आज उभा आहे. सप्टेंबर १५५६ मध्ये पोर्तुगालहून निघालेले जहाज गोव्याला लागले, त्यात एक छापखाना होता. तो खरे तर अबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला जायचा होता. पण पुढचा प्रवास फिसकटला आणि छापखाना गोव्यात राहिला. भारतातला हा पहिला छापखाना. तो सेंट पॉल कॉलेजात बसवला गेला. आता त्यावर सर्वांत आधी काय छापले असेल? पंचांग नव्हे, राजाचे फर्मान नव्हे, धर्मग्रंथही नव्हे. कॉलेजातल्या जाहीर वादसभेत जे सिद्धांत मांडायचे, ज्यांवर विद्यार्थ्यांनी वाद घालायचा, त्यांचे कागद छापले गेले. ‘कॉन्क्लुझोएन्स’ असे त्यांचे नाव. आज त्यांची एकही प्रत उरलेली नाही. फ्रान्सिस झेवियर यांचे ख्रिस्ती शिकवणुकीचे पुस्तक छापले गेले ते त्यानंतर, १५५७ मध्ये. म्हणजे या देशात छपाईचे तंत्र आले आणि पहिल्याच वर्षी ते कॉलेजच्या वर्गाच्या कामी आले. नवे यंत्र आणि विद्यार्थी यांचे नाते आपल्याकडे एवढे जुने आहे.

पुढे १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स नावाचा एक तरुण इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला. आपण त्याला ‘क्रिस्तपुराणा’चा कर्ता फादर स्टीफन्स म्हणून ओळखतो. एप्रिलमध्ये लिस्बनहून निघालेले त्याचे जहाज ऑक्टोबरअखेर गोव्याला पोचले, आणि १० नोव्हेंबरला त्याने लंडनमधल्या आपल्या व्यापारी वडिलांना पत्र लिहिले. प्रवास कसा झाला, समुद्रात काय पाहिले, वगैरे. ते पत्र पुढे इंग्लंडात छापलेही गेले. घर सोडून दूर आलेल्या मुलाने वडिलांना लिहिलेले पत्रच ते. पण जरा हिशेब करा. त्या काळी गोव्याहून परतीची जहाजे जानेवारीच्या सुमारास सुटत आणि उन्हाळ्यात लिस्बनला पोचत. उत्तर घेऊन येणारे जहाज तिथून पुढच्या वसंतात निघणार आणि पावसाळा सरता सरता गोव्याला लागणार. म्हणजे पत्र लिहिल्यापासून उत्तर हाती पडेपर्यंत जवळपास दोन वर्षे. दोन वर्षांनी उत्तर येणार असेल तर माणूस ‘जेवलास का’ असे विचारत नाही. जे दोन वर्षांनीही शिळे होणार नाही तेच लिहितो. साधन बदलले की बोलण्याचा विषयही बदलतो, तो असा.

याच स्टीफन्सची आणखी एक गोष्ट आहे आणि माझ्या दृष्टीने या लेखातली तीच सर्वांत महत्त्वाची. तो आपली भाषा शिकला, तिच्यावर लुब्ध झाला. तिचे साहित्य तिच्याच लिपीत छापावे असे त्याला वाटत होते. १६०८ मध्ये त्याने रोमला आपल्या वरिष्ठांना पत्र लिहून या भाषेची अक्षरे ओतून घेण्याची परवानगी मागितली. अडचण काय तेही लिहिले. रोमन लिपीचे काम चोवीसेक अक्षरांत भागते. आपल्याकडे मात्र प्रत्येक व्यंजनाला काना, मात्रा, वेलांटी लागून आकार बदलतो, त्यामुळे साचे सहाशेपर्यंत जातात. ते दोनशेवर आणता येतील, असे त्याने सुचवले होते. ही हकिगत अ. का. प्रियोळकरांनी भारतातील छापखान्यावरील आपल्या १९५८ च्या इंग्रजी ग्रंथात दिली आहे. प्रियोळकर म्हणजे आपल्या फोंडा महालातल्या प्रियोळचे.

ते साचे काही झाले नाहीत. १६१६ मध्ये राशोल येथे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले ते रोमन अक्षरांत. सुमारे अकरा हजार ओव्या, अस्सल मराठी, आणि लिपी रोमन! पुढे लंडनच्या एका संग्रहात याच ग्रंथाचे देवनागरी हस्तलिखितही सापडले. म्हणजे हाताने लिहिताना देवनागरी चालत होती. यंत्रावर चढताना मात्र भाषेला लिपी बदलावी लागली. कारण काय? अक्षरे फार, साचे फार, खर्च फार.

हे कारण लक्षात ठेवा. चारशे वर्षांनी ते पुन्हा येणार आहे.

आता जरा गोव्याबाहेर, पण लांब नव्हे. पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा इटालियन प्रवासी १६२३ मध्ये पोर्तुगीज वकिलाबरोबर गोव्याहून निघून होन्नावर, गेरसोप्पा करत इक्केरीच्या नायकाकडे चालला होता. घाट चढल्यावर एका देवळाच्या ओसरीत त्याला चार मुले शिकताना दिसली. मुले धडा सुरात म्हणत होती आणि म्हणता म्हणता बोटाने जमिनीवर लिहीत होती. जमिनीवर बारीक वाळू पसरलेली. जागा भरली की नवी वाळू टाकायची आणि पुढे लिहायचे. कागद नाही, शाई नाही. गुरुजी कुठे आहेत, असे त्याने विचारले, तेव्हा मुले म्हणाली, गुरुजी नाहीत, आम्ही आपसात उजळणी करतो.

आपल्याकडचे धुळाक्षर ते हेच. आमच्या आजोबांची अक्षरओळखही धुळीतच झाली, असे वडील सांगत. धुळपाटीवर लिहिलेले टिकत नसे, टिकावे अशी अपेक्षाही नव्हती. ते गळ्यात टिकायचे, पाठांतरात. व्हॉट्सअॅपने नोव्हेंबर २०२० मध्ये सात दिवसांनी आपोआप नाहीसे होणारे निरोप सुरू केले, तेव्हा मी नाक मुरडले होते. लिहिलेले पुसून टाकायचे तर लिहायचे कशाला? आता ती चार मुले आठवली की माझा आवाज जरा खाली येतो. फरक एवढाच की त्यांचे लिहिलेले पुसले जाई तोवर ते पाठ झालेले असे.

पुढचा काळ कठीण होता. २७ जून १६८४ च्या फर्मानाने गोव्यातल्या लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम निघाला. भाषा अर्थातच मेली नाही. पण शिक्षणाची आणि छपाईची वाट अरुंद झाली. सतराव्या शतकाच्या अखेरीस इथली छपाई थंडावली, ती पुन्हा सुरू झाली १८२१ मध्ये, ‘गझेता द गोवा’ निघाले तेव्हा. मधल्या काळात शिकणे-शिकवणे चालले ते देवळाच्या ओसरीत, पंतोजीच्या घरी, हातानेच. आणि मराठी हाताने लिहायची ती मोडीत.

मोडी ही लगबगीची लिपी. आधी पानभर आडव्या रेघा ओढून घ्यायच्या आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरे त्यांना लटकवत जायचे. ऱ्हस्व-दीर्घाचा विचार करायचा नाही. शब्द तोडून लिहायचे. ‘सा. न. वि. वि.’, ‘मु.’, ‘ती.’, ‘चि.’ हे सगळे त्या घाईतून आलेले. म्हणजे गंमत पाहा, मुले ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत आणि शब्द खातात, अशी आपली तक्रार. आपले पूर्वज तीनशे-चारशे वर्षे हेच करत होते! त्यांची घाई दफ्तराची, यांची बोटांची.

मग मोडी गेली कशी? तिला कोणी बंदी घातली नव्हती. छापखान्याने तिला बाजूला सारले. सुट्या खिळ्यांच्या छपाईला सुटी, ठसठशीत अक्षरे लागतात. मोडीचे अक्षर शेजारच्या अक्षरात हात घालून चालते. १८०५ मध्ये विल्यम केरीने श्रीरामपूरहून मराठीचे व्याकरण छापले तेव्हा देवनागरी वापरली. पुढे मोडीचे खिळेही पाडले गेले, पण ते रुजले नाहीत. ६ जानेवारी १८३२ ला मुंबईत ‘दर्पण’ निघाले तेही बालबोधीत. वाचायची एक लिपी आणि लिहायची दुसरी, असे शंभर वर्षे चालले. शेवटी १९५० नंतरच्या काही वर्षांत शाळेतून मोडी उठली. माझे वडील त्या उंबरठ्यावरचे. आजोबांना मोडी येत होती, वडिलांना येत नव्हती. भिंत घातली ती इथे. मोबाईलने नव्हे, खिळ्याने. आणि भल्या हेतूने. छपाईमुळे शेकडो गावांत पुस्तक पोचले, वाचणारे वाढले. मात्र जे छापले गेले नाही, घराघरांत पेट्यांत राहिले, ते मुके झाले.

आता पेटीकडे परत येऊ. आजोबांना बेळगावला का धाडले? गोव्यात पणजीला १८५४ पासून लिसेव होते, १८४२ पासून वैद्यकीय शाळा होती. पण सगळे पोर्तुगीजमधून. मराठी-इंग्रजी शिकून मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक गाठायची तर अनेक मुले बेळगाव, कोल्हापूर, सावंतवाडीची वाट धरत. आमच्या गावातून बेळगावची वाट चोर्ला घाटाने. घाटावर जाणारा कोणी माणूस मिळाला की त्याच्या हाती पत्र, तुपाचा तांब्या आणि पैसे. पत्र पोस्टाने जाण्यापेक्षा माणसाच्या हातून जास्त जाई. त्याचा एक फायदा असा की आणणारा माणूस पत्रात नसलेलेही सांगे. मुलगा वाळला आहे, कोट जुना झाला आहे, वगैरे.

माझ्या वेळीही यातले थोडे शिल्लक होते. १९९६ मध्ये मी पणजीला खोली घेऊन राहू लागलो तेव्हा आमच्या घरी फोन नव्हता. घाईचा निरोप असला की आई चिठ्ठी लिहून सकाळच्या बसच्या कंडक्टरकडे देई आणि मी बसस्थानकावर जाऊन ती घेई. चिठ्ठीबरोबर कधी फणसाचे गरे, कधी धुतलेले कपडे. वडील मात्र पोस्टानेच लिहीत, आणि आंतर्देशीयच. पोस्टकार्ड सगळा गाव वाचतो, असे त्यांचे म्हणणे. निळ्या कागदाची तीन पाने संपली की चिकटवायच्या पट्टीवर बारीक अक्षरात आणखी दोन ओळी. खरी गोष्ट बहुधा त्या दोन ओळींत असे. ‘आईला बरे नव्हते, आता ठीक आहे, काळजी करू नये.’ वर तीन पाने शेताची आणि देवळाची.

फोन करायचा तर एसटीडी बूथ. रात्री दर उतरत, तेव्हा काचेच्या खोक्याबाहेर मुलांची रांग लागे. समोर मीटरचे तांबडे आकडे पळत असत आणि मागच्यांचे कान आपल्याकडे. गावात दुकानदाराकडे फोन. तो वडिलांना बोलवायला पोरगा पाठवणार, आपण फोन ठेवून दहा मिनिटांनी पुन्हा लावायचा. मग बोलणे काय होणार? “बरा आहे ना? पैसे पोचले? ठेवतो.” बूथवर जे बोलायचे राहून जाई ते मी परत येऊन पत्रात लिही. मला आज वाटते, पत्र आणि फोन एकत्र नांदले ती दहा-पंधरा वर्षे आम्हा विद्यार्थ्यांना फार चांगली गेली. फोनने घाई भागवली आणि पत्राला निवांतपणा मिळाला.

मग मोबाईल आला. भारतात मोबाईलवरचा पहिला कॉल ३१ जुलै १९९५ चा, पण विद्यार्थ्यांच्या हाती तो खरा आला २००३ नंतर, येणारा कॉल फुकट झाल्यावर. मुलांनी लगेच त्याची स्वतःची भाषा केली. एक मिस्ड कॉल म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये. आणि त्यांच्याबरोबर एसएमएस.

इथे स्टीफन्सची अडचण पुन्हा दारात उभी राहते. एसएमएसची मर्यादा १६० अक्षरांची. १९८५ च्या सुमारास फ्रीडहेल्म हिलेब्रांड या जर्मन अभियंत्याने टाइपरायटरवर वाक्ये लिहून अक्षरे मोजली. लोकांची पोस्टकार्डे पाहिली, तर बरीचशी दीडशे अक्षरांच्या आतली. तेवढे पुरेल, असे ठरले. पण ही अक्षरे रोमन. एका निरोपात एकूण ११२० बिट बसतात. रोमन अक्षराला ७ बिट पुरतात, म्हणून १६०. देवनागरी युनिकोडमध्ये पाठवली की एकेका चिन्हाला १६ बिट लागतात, म्हणून निरोप ७० चिन्हांवर संपतो. त्यात काना, वेलांटी आणि जोडाक्षराचा पाय हे सगळे वेगळे मोजले जाते. ‘विद्यार्थी’ हा शब्द आपल्या डोळ्यांना तीन अक्षरांचा, मोबाईलच्या हिशेबी दहा चिन्हांचा. सत्तरातले दहा एका शब्दात गेले! रोमनमध्ये तोच शब्द एकशे साठातली नऊ अक्षरे घेतो. शिवाय कित्येक स्वस्त मोबाईलांवर मराठीच्या जागी नुसते चौकोन उमटत. पैसा मोजून वापरणारे कॉलेजचे पोर काय करणार? त्याने रोमन धरली. राशोलच्या छापखान्याने १६१६ मध्ये जे केले तेच, आणि त्याच कारणाने.

मायना गेला तोही इथेच. ‘तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ हे लिहिण्यातच अर्धा एसएमएस संपतो. संस्कार कमी पडले म्हणून मायना गेला असे आपण म्हणतो. मला वाटते, तो १६० अक्षरांत मावला नाही, म्हणून गेला.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. गोव्यात रोमी लिपीला परंपरा आहे. १८८९ मध्ये ‘उदेंतेचें साळक’ हे पहिले कोकणी नियतकालिक पुण्याहून निघाले ते रोमीत. तियात्र, कादंबऱ्या, प्रार्थनापुस्तके, सगळे त्यात आहे. त्या लेखनाला नियम आहेत. ट, ड, ण, ळ दाखवायला अक्षर दुहेरी लिहायची जुनी रीत आहे. मोबाईलवरच्या रोमनला असा नियम नाही. माझी मुलगी ‘काय’साठी कधी दोन इंग्रजी अक्षरे वापरते, कधी चार. तिचा एकदा निरोप आला, तो मी ‘वेल नाही’ असा वाचला आणि परसातल्या मिरवेलीला काय झाले म्हणून घाबरलो. तिला ‘वेळ नाही’ म्हणायचे होते. ल आणि ळ, न आणि ण यांच्यातला फरक कागदावरून गेला की काही वर्षांनी तो तोंडातूनही जाईल, ही माझी खरी भीती आहे.

आणि आता मजा अशी की अडचण संपली, सवय उरली. व्हॉट्सअॅपला अक्षरांची ती चणचण नाही. युनिकोड १९९१ पासून आहे आणि आज साध्या मोबाईलवरही मराठी उमटते, बोलले तरी उमटते. तरी मुले रोमनच लिहितात, कारण हात तिकडे वळला आहे. म्हणून मी मुलांना दोष देत नाही. पण गरज संपल्यावरही साधनाच्या सोयीने चालत राहायचे का, हे मात्र विचारतो.

मोबाईलचे उपकारही विसरू नयेत. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा सत्तरी, सांगे, काणकोण तालुक्यांत मुले नेटवर्कसाठी डोंगरावर जाऊन बसत. आमच्या गावात पुतण्या आणि त्याचे मित्र काजूच्या बागेत उंचावर ताडपत्री बांधून वर्गाला बसले होते. माझी मुलगी तेव्हा आठवीत. फोंड्यात नेटवर्क होते. ती इकडे टिपणे उतरून घ्यायची आणि वहीच्या पानांचे फोटो त्याला पाठवायची. वर्ग तुटला की रात्री सगळे एकमेकांना विचारत. गुरुजी नसताना वाळूत उजळणी करणारी ती चार मुले मला इथेही दिसतात.

चवथीची गोष्ट अर्धी राहिली. त्या दिवशी माझे तोंड बघून मुलीने मोडीच्या एका कागदाचे दोन फोटो काढले आणि कॉलेजच्या ग्रुपवर टाकले. कोणाची तरी बहीण कोल्हापूरला शिकते, तिला मोडी वाचणारे एक गृहस्थ माहीत होते. पाचव्या दिवशी, गणपती पोचवून आम्ही ओल्या कपड्यांनी परत येत होतो तेव्हा मुलीच्या मोबाईलवर ते पत्र आले. शब्दन् शब्द उतरवलेले, बालबोधीत.

घरी आल्यावर तिने ते सगळ्यांना वाचून दाखवले. न अडखळता. मोठे काही नव्हते. तूप पाठवले आहे, ते बिऱ्हाडच्या बाईंना निम्मे द्यावे. फीचे पैसे पुढल्या बाजारी. गाय व्याली, पाडा झाला. आणि शेवटी, माझ्या वडिलांच्या आंतर्देशीयाच्या पट्टीवर असत तशा दोन ओळी : पंधरा दिवस झाले, पत्र नाही. आई रोज विचारते. कागदाचे आणि शाईचे पैसे वेगळे दिले होते, ते कशात गेले ते कळवावे.

सगळे हसले. मुलगी हसता हसता माझ्याकडे बघत होती, कारण ‘पैसे भरून दिलेत ना मोबाईलमध्ये, मग एक निरोप टाकायला काय होते’ हे माझे नेहमीचे वाक्य तिला पाठ आहे.

पेटीत असे वीस-बावीस कागद अजून आहेत. मुलीने मोडीची मुळाक्षरे कुठून तरी मिळवली आहेत आणि रविवारी आम्ही दोघे बसतो. तिची गती माझ्यापेक्षा बरी आहे. बदल्यात मी तिला माझ्या वडिलांची पत्रे वाचून दाखवतो, म्हणजे त्यांच्या अक्षराची तिला सवय होईल. पंधरवड्यातून एकदा ती मला देवनागरीत निरोप लिहिते. अजून ‘ळ’ शोधायला वेळ लागतो म्हणे. शोधते, एवढे पुरे.

वाचकहो, आपल्याही घरी माळ्यावर, देव्हाऱ्याखाली, एखाद्या फडताळात अशी पेटी असेल. पुढल्या चवथीची वाट पाहू नका. वाळवी वाट पाहत नाही. कागद काढा, घरातल्या पोराला बोलवा. फोटो काढायचे काम त्याच्याकडे द्या, ते त्याला आपल्यापेक्षा चांगले जमते.